तुम्ही विचारलेत म्हणून: सायकलीच्या चाकांवर एवढा खर्च कशासाठी?

"चाकांवर एवढे पैसे घालण्यापेक्षा दहा-पंधरा किलो वजनच का उतरवत नाही?" हा प्रश्न मला रविवारी सकाळी नागपुरात अंबाझरीच्या चहाच्या टपरीवर विचारला जातो, ऑफिसात विचारला जातो आणि लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. विचारणाऱ्यांत आपुलकीची माणसेच अधिक आहेत, म्हणून आजवर मी हसून विषय बदलत आलो. आता एकदाच नीट उत्तर लिहून ठेवतो.

माझे वजन ११८ किलो आहे. सायकल १५ किलोची, पाठीवरची पिशवी, पाणी आणि हत्यारे मिळून ३ किलो. म्हणजे एकूण भार १३६ किलोंचा. कारखानदार जी कमाल मर्यादा छापतात ती पुष्कळदा स्वार, सायकल आणि सामान या सगळ्यांची मिळून असते, हे मात्र विकताना कोणी सांगत नाही. वजनाबद्दल माझे डॉक्टरांशी जे बोलणे व्हायचे ते होत असते आणि त्यात काही किलो खाली-वरही होतात. पण उद्यापासून सारे मनासारखे घडले असे धरले, तरी ते वजन उतरेपर्यंतचे महिने मी कोणत्या चाकावर बसायचे, हे तुमच्या प्रश्नात कुठेच येत नाही. आणि दहा किलो उतरले तरी मी १०८ चा उरतोच, आणि त्या वजनालाही मूळचे चाक पुरले नसते.

ते का पुरले नसते, हे सांगण्यासाठी चाकाच्या आत जावे लागेल. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, वरच्या स्पोकांना लटकलेला असतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात सगळे स्पोक आधीपासूनच ताणलेले असतात, आणि वजन पडले की जमिनीकडच्या मोजक्या स्पोकांचा ताण कमी होतो. चाक फिरून ते वर गेले की तो पूर्ववत होतो. २९ इंची चाक एका किलोमीटरला सव्वाचारशेहून अधिक फेरे घेते, म्हणजे प्रत्येक स्पोक तितक्या वेळा ढिला होतो आणि पुन्हा ताणला जातो. मुळात ताण पुरेसा असेल तर पोलाद हे वर्षानुवर्षे सोसते. तो कमी किंवा असमान असेल, तर भारी माणसाखाली खालचा स्पोक जवळजवळ सैलच पडतो, त्याचा वाकडा कोपर हबच्या भोकात हलू लागतो आणि नेमका तिथेच थकून तुटतो. मागच्या चाकात दात्यांच्या चकत्यांना जागा देण्यासाठी उजवीकडची बाजू मध्याकडे सरकवलेली असते, त्यामुळे उजवे स्पोक कडक आणि डावे त्यांच्या मानाने बरेच ढिले असतात. वजनाचा मोठा वाटाही मागेच पडतो. त्यामुळे माझा सारा त्रास मागच्या चाकाचा होता.

आता त्या दिवसाबद्दल, कारण खर्चाचा निर्णय खरे तर त्या दिवशी झाला.

पावसाळा नुकताच संपला होता आणि मी व माझा नववीतला मुलगा काटोल रस्त्याने फेटरीच्या पुढे जाऊन आत एका पांदणीत वळलो होतो. पावसात ट्रॅक्टरने काढलेल्या चाकोऱ्या काळ्या मातीत वाळून दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. मी वेगात नव्हतो, उडीही मारली नव्हती. एका चाकोरीतून दुसरीत जाताना मागून टण्‌ असा कोरडा आवाज आला आणि पुढच्या काही फेऱ्यांत टायर चौकटीला घासू लागले. उजव्या बाजूचा स्पोक अगदी कोपरातून तुटला होता. तुटलेला भाग हबमध्येच अडकून राहिला होता आणि कॅसेट, म्हणजे त्या दात्यांच्या चकत्या, उघडायचे हत्यार जवळ नसल्याने तो काढता येणार नव्हता. लांब उरलेली तार शेजारच्या स्पोकाला गुंडाळली आणि ढकलत निघालो. मुलाने स्वतःची सायकल माझ्या हाती देऊन माझी ढकलायला घेतली. डांबरी रस्ता येईपर्यंत आम्ही दोघे फारसे बोललो नाही. तिथे एका छोट्या टेम्पोने आम्हाला सायकलींसह शहरात आणले आणि आम्ही, जिथून सायकल घेतली होती, त्याच दुकानात थेट गेलो.

काउंटरवरच्या तरुणाने चाक एकदा फिरवून पाहिले आणि म्हणाला, "सर, सायकलचा प्रॉब्लेम नाही आहे, तुमच्या वेटचा आहे. वॉरंटीत बसत नाही." मी सांगितले की सायकल घेतानाही माझे वजन एवढेच होते आणि याच काउंटरवर मी ते विचारून घेतले होते, तेव्हा "काही होत नाही, बिनधास्त घ्या" असे उत्तर मिळाले होते. त्यावर मागे हेल्मेट लावणारा दुसरा कोणी हसत म्हणाला, "काका, आधी जिम लावा, मग सायकल चालवा." दुकानात आणखी गिऱ्हाइके होती. माझा मुलगा भिंतीवरच्या टायरांकडे पाहत उभा राहिला आणि घरी पोचेपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्याला माझी लाज वाटली की माझ्यासाठी वाईट वाटले, हे मी आजवर विचारलेले नाही.

तुम्ही म्हणाल, हा दुखावलेला अभिमान झाला, हे चाक निवडण्याचे कारण नव्हे. असेलही. पण त्या दुकानाने एक स्पोक बदलून दिल्यावर काही दिवसांत त्याच्या शेजारचा तुटला, मग समोरचा. कारण थकलेले सगळेच होते. प्रत्येक वेळी चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून द्यायचे आणि प्रत्येक वेळी मला वजनाचे ऐकवायचे, पण बाकीच्या स्पोकांचा ताण कोणी मोजत नव्हते.

तो तपासला महाल भागातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी, तेही यंत्राशिवाय. त्यांनी अंगठा आणि बोटाने शेजारशेजारचे स्पोक जोडीने दाबत सारे चाक फिरवले, मग नखाने एकेक छेडून कानाने ऐकले आणि म्हणाले, "भाऊ, इकडचा बोलून राहिला, तिकडचा बोलतच नाही. याले आउट काढून काय होते? हे चाकच नव्यानं बांधा लागते." माझ्या वजनाबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला: किती? आकडा ऐकून त्यांनी मान डोलावली, आणि मला इतकेच हवे होते.

मग निवड. चौकटीत मागे १३५ मिमीचाच हब बसतो, म्हणून नवे १४८ मिमीचे, 'बूस्ट' म्हणतात ते अधिक रुंद हब बाद झाले. कार्बनची रिमही मी सोडली: ती मजबूत असते यात शंका नाही, पण दगडावर आदळून तडकली तर बदलण्यावाचून इलाज नसतो, आणि अॅल्युमिनियमची वाकलेली रिम महालात बसून बऱ्याच वेळा सरळ होते. शेवटी आतून ३० मिमी रुंद, दुहेरी भिंतीची अॅल्युमिनियम रिम घेतली, ३२ भोकांचा शिमानोचा छर्ऱ्यांचा हब घेतला, निपल, म्हणजे स्पोक रिमला धरून ताणणारे छोटे नट, पितळेचे. अॅल्युमिनियमचे निपल हलके असतात, पण ताण चढवताना त्यांचे कोपरे झिजतात. प्रत्येक स्पोक तीन स्पोकांना ओलांडेल अशी गुंफण. स्पोकांवरून मात्र मिस्त्रींशी वाद झाला. ते म्हणत, "वजनी माणसाले जाड तारच पाहिजे न भाऊ." मला दोन्ही टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ मिमीचे हवे होते, कारण मध्ये बारीक असलेली तार ताणाखाली थोडी अधिक लांबते, त्यामुळे वजन पडल्यावर तितक्या लवकर सैल पडत नाही आणि कोपरावरचा भार कमी होतो. त्यांना हे पटलेले नाही. माझ्या शब्दाखातर त्यांनी ते बांधले, उजवीकडचा ताण रिमच्या मर्यादेजवळ नेला, प्रत्येक फेरीनंतर जोड्या दाबून तारा बसवल्या आणि काही दिवस चालवल्यावर पुन्हा आणायला सांगितले. सारा खर्च सायकलीच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश झाला.

याला आक्षेप घेणारा माणूस माझ्याच डोक्यात आहे. चाकांत हात घालण्यापूर्वीचा मी ठामपणे म्हणत असे की ही सायकल विकून बूस्ट चौकटीची नवी घ्यावी. स्पोक अडकतात ते हबचे कडे दोन्ही बाजूंना ३ मिमी बाहेर सरकते, स्पोकांचा कोन सुधारतो, वर १२ मिमीचा आरपार एक्सल, म्हणजे चाकाचा आस, मिळतो. यातले काहीही खोटे नाही. त्याला माझे उत्तर एवढेच, की नव्या सायकलीचे चाकही यंत्राने भराभर बांधलेलेच येणार होते आणि ते घेऊन मी पुन्हा महालातच गेलो असतो. तो हे मान्य करत नाही, आणि मीही त्याला पूर्ण हरवू शकलेलो नाही.

माझ्याएवढे वजन असलेले जे लोक मला आता हळूच बाजूला घेऊन विचारतात, त्यांना मी आधी मागचा हब पाहायला सांगतो. दात्यांच्या चकत्या हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेल्या असतील, म्हणजे जुन्या पद्धतीचे फ्रीव्हील असेल, तर उजवीकडचे छर्रे खूप आत असतात, त्यांच्या बाहेरचा एक्सलचा लांब भाग निराधार राहतो आणि वाकतो. अशा हबवर महागडी रिम चढवण्यात अर्थ नाही. त्यानंतर टायर: माझे २.४ इंची, बिनट्यूबचे, मागे ३० पीएसआय. नागपूरच्या मे महिन्यात आतले भोके बुजवणारे द्रव लवकर सुकते, तेव्हा ते मधूनमधून पाहावे लागते.

पुढचे चाक अजून जुनेच आहे. त्याच्यावर वजन कमी येते, पण जोराचा ब्रेक लावला की सारी ओढ त्याच्यावर पडते आणि डिस्क ब्रेकच्या बाजूला तिथेही ताण असमान असतो. मिस्त्री म्हणतात थांबा, मुलगा म्हणतो करून टाका. बहुधा दिवाळीनंतर ठरेल.