६५३३ अंकी मूळ संख्या घरच्या लॅपटॉपवर तपासताना : माझा अनुभव

२ चा २१७०१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला, तर ६५३३ अंकी संख्या येते. ती मूळ आहे हे १९७८ पासून माहीत आहे. अशी संख्या मूळ आहे का हे ठरवणारी लुकास-लेहमर चाचणी मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून तिच्यावर पुन्हा केली.

कृती छोटी आहे. घातांक पी हा विषम मूळ आणि एम म्हणजे २ चा पी-वा घात वजा १. सुरुवात ४ ने. दर पायरीला वर्ग करायचा, २ वजा करायचे, एमने भागून बाकी ठेवायची. पी वजा २ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर एम मूळ, नाहीतर संयुक्त.

खरा भागाकार करूच नये, फार वेळ खातो. २ च्या पी-व्या घाताला एमने भागलं की बाकी १ उरते, म्हणून खालचे पी बिट (द्विमानातले ०-१ अंक) आणि वर उरलेले बिट यांची नुसती बेरीज पुरते. पी ७ असेल तर एम १२७. बाक्या येतात १४, ६७, ४२, १११. यातली ४२ अशी: ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७, म्हणजेच ३५ गुणिले १२८ अधिक ७, ३५ आणि ७ मिळून ४२.

माझं चुकलं ते शेवटच्या पायरीत. १११ चा वर्ग वजा २ म्हणजे १२३१९. वरचे बिट ९६, खालचे ३१, बेरीज १२७. हा एमच आहे, म्हणजे बाकी शून्य. पण प्रोग्रॅम ० शोधत होता आणि १२७ ला संयुक्त ठरवून मोकळा झाला. बेरीज एमइतकी किंवा जास्त आली तर एम वजा करा, ही एक ओळ राहिली होती.

उलट बाजूही तपासावीच. पी ११ घेतला तर २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९, आणि ९ पायऱ्यांनंतर बाकी १७३६ यायला हवी. हे दोन्ही जुळल्याशिवाय मोठ्या घातांकाला हात लावू नका.

घातांक २१७०१ काही सेकंदांत झाला. मात्र नवं पायथन ४३०० पेक्षा जास्त अंकांची संख्या दशमानात छापायला नकार देतं. अंक मोजायला छापायची गरजच नाही: २१७०१ गुणिले ०.३०१०३ म्हणजे ६५३२.६५, वरचा पूर्णांक ६५३३.

पी दुप्पट केला की वेळ साधारण सहापट होतो. घातांक २१६०९१ (६५०५० अंकी संख्या) लावायचा असेल तर नागपूरचा मे महिना ध्यानात घ्या. पारा ४५ वर गेला की लॅपटॉप तापून वेग कमी करतो, आणि मधेच लाइट जाते. दर हजार पायऱ्यांनी पी, पायरीचा क्रमांक आणि बाकी फाइलमध्ये ठेवा. बाकी षोडशमानात (१६ च्या पायात) लिहा. ते झटपट होतं आणि ४३०० ची अट तिथे लागत नाही. आधी नव्या नावाने फाइल लिहून मग जुनीच्या जागी आणा, म्हणजे लिहितानाच लाइट गेली तरी जुनी प्रत शाबूत राहते.