आमची वाटचाल : रिकाम्या बेडचा श्वास

आईला शेवटच्या आजारपणात बोटाची ऑक्सिमीटरची क्लिप सहनच व्हायची नाही, झोपेत ओढून काढायची, मग मी आणि ताई आळीपाळीने जागून तिच्या छातीवरची चादर वरखाली होतेय ना एवढंच बघत बसायचो. भोसरीत माझं तेव्हा सीसीटीव्ही, सेन्सर बसवायचं छोटं काम होतं. चादरीकडे बघणारं एखादं यंत्र पाहिजे, हे तेव्हापासून डोक्यात बसलं.

शोधत गेलो तर कल्पना जुनीच निघाली. १९७५ साली मायक्रोवेव्ह लहरींनी श्वास मोजून झाला होता आणि २०१५ मध्ये एमआयटीतल्या दीना कताबींच्या ग्रुपने शेजारच्या खोलीतून श्वास आणि ठोके मोजून दाखवले होते. आम्ही ६० गिगाहर्ट्झची रडार चिप घेतली, म्हणजे रेडिओ लहर सोडून छातीवरून परत आलेली लहर वाचणारी. तिची लहर ५ मिलिमीटरची, म्हणून ठोक्याने छाती जेमतेम अर्धा मिलिमीटर हलली तरी परत येणाऱ्या सिग्नलची फेज, म्हणजे लहरीची स्थिती (पूर्ण लहर ३६० अंश), ७२ अंशांनी सरकते. मध्ये चादर असली तरी चालतं.

ही चिप बसवलेला पहिला डबा ओळखीच्या नर्सिंग होममध्ये लावला आणि रात्री सिस्टरांचा फोन, "दादा, पेशंट घरी जाऊन दोन तास झाले, तुमचा डबा अजून श्वास १६ दाखवतोय." धावत गेलो. पंखा चालू होता आणि वाऱ्याने मच्छरदाणी संथ हलत होती, अगदी झोपलेल्या माणसाच्या लयीत. पंखा लांब असतो, अंतरावरून वेगळा काढता येतो, पण मच्छरदाणी छातीच्या जागेवरच! त्या रात्री मी खरंच घाबरलो, कारण उलटंही होऊ शकलं असतं, श्वास थांबलाय आणि मच्छरदाणी हलतेय.

ठोक्यांचं दुखणं वेगळं. श्वास मिनिटाला २० असेल तर त्याचेच हार्मोनिक, म्हणजे पटीतले पडसाद, ६० आणि ८० वर येतात, म्हणजे नेमके ठोक्यांच्या जागी. ते सोडवण्यात आमची वर्षं गेली. आणि एक नियम ठरला, खात्री नसेल तर आकडा नाही, डॅश. एका मोठ्या गिऱ्हाइकाला स्क्रीनवर कायम आकडा हवा होता, आम्ही नाही म्हटलं, ऑर्डर गेली, तो महिना पगार उशिरा झाले. तरी ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं. रक्तातला ऑक्सिजन आमच्या डब्याला कळत नाही, हेही आधीच सांगतो.

आता कुठेही डबा लावला की मच्छरदाणी सोडायची, पंखा पाचवर करायचा आणि रिकामा बेड अर्धा तास बघायचा. अर्धा तास डॅश राहिला तरच सिस्टरांना म्हणतो, आता पेशंटला झोपवा.