रडवणारे सिनेमे आणि आपली मुलं

आठवी-नववीच्या मुलांना मी अधूनमधून सिनेमे दाखवते, हे कळलं की पालक हमखास विचारतात, "अहो, असले रडवणारे कशाला? आणि दाखवलेच, तर नंतर पोरांशी बोलायचं काय?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

दाखवा. पण शेवट आधी सांगून टाका. ‘सैराट’ बघायला मुलं ‘झिंगाट’च्या तालात बसतात आणि शेवटी नायक-नायिकेचं ते लहानगं पोर आईबापांच्या रक्ताची पावलं उमटवत बाहेर पडतं, तेव्हा त्यांना कुठे बघावं कळत नाही. (त्याचं रडणंसुद्धा ऐकू येत नाही!) गंमत जाईल ही भीती मोठ्यांची. मुलं आवडता सिनेमा पाठ होईपर्यंत बघतातच की.

‘श्वास’ची (2004) गोष्ट वेगळी. यातल्या छोट्या परशाच्या डोळ्यांना कॅन्सर. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, म्हणून ऑपरेशनआधी आजोबा त्याला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतात, डोळे भरून सगळं दाखवतात. आपण आजोबांवर भरभरून बोलतो. मुलांना वेगळंच हवं असतं : "भूल देतात ना त्याला?" "मला झाला तर?" इथे "काही होत नाही रे" म्हणून उडवून लावू नका. नीट सांगा. डोळ्याच्या पडद्याचा हा कॅन्सर, रेटिनोब्लास्टोमा, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो, बाहुलीत पांढरी चमक दिसते, लवकर सापडला तर पुष्कळदा डोळाही वाचतो. एवढं कळलं की मुलांच्या खांद्यांवरचा ताण उतरताना दिसतो.

माझी भाची तो सिनेमा बघून आली आणि डोळे घट्ट मिटून जेवायला बसली. वरणभात कालवला, लिंबाची फोड चाचपडत शोधली, तेवढ्यात ताकाची वाटी लवंडली. आई ओरडली, "पुरे झाली नाटकं!" मी म्हटलं, "राहू दे गं, पुसते मी." पोरगी सिनेमाच पचवत होती. माझ्या कुठल्याही चर्चेपेक्षा बऱ्या पद्धतीने.

‘किल्ला’त वडील गेलेला चिनू आईच्या बदलीमुळे कोकणात येतो. तो बघून वडील नसलेला एक मुलगा तावातावाने बोलला ते पावसात चिनूला किल्ल्यावर एकटं टाकून निघून गेलेल्या मित्रांवर. वडिलांचं नाव नाही. मीही काढलं नाही. मित्रांवरच बोललो, भरपूर. "त्यांनी थांबायला हवं होतं" हे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि मी हो म्हणत होते. "यातून काय शिकलास?" हा प्रश्न त्या वेळी विचारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

झोप उडाली, जेवण तुटलं आणि आठवडा उलटला तरी तसंच राहिलं, तर मात्र शाळेच्या समुपदेशकांना गाठा. आणि सहावीतल्या पोराला ‘सैराट’ची घाई नको. सिनेमा काही पळून जात नाही.