शून्य, तीन, सात, अठ्ठावीस

कुत्रा भुंकला नाही, गुरगुरलाही नाही. पहाटे साडेपाचला मी रस्त्याच्या कडेने चालत होते. तो समोरून आला, डाव्या हाताला करंगळीच्या बाजूने कडकडून चावला आणि काही घडलंच नसल्यासारखा पुढे निघून गेला. जाताना वळणावर उभ्या असलेल्या एका सायकलच्या चाकालाही त्याने तोंड घातलं. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही.

करंगळीच्या मुळाशी दोन खोल दात आणि मनगटावर एक लांब ओरखडा. घरी येऊन नळाखाली हात धरला, रक्त थांबलं तसा रुमाल बांधला आणि सात वाजता जवळच्या दवाखान्यात गेले. तिथे जखम स्पिरिटने पुसून धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. "जखम लहान आहे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, काही झालं तर बघू," असं सांगून मला घरी पाठवलं. मी निश्चिंत होऊन परतले. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

दहाच्या सुमारास पशुवैद्य असलेल्या मैत्रिणीचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला. सहज बोलता बोलता तिला सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली आणि मग एकामागोमाग प्रश्न सुरू झाले. रक्त आलं का? कुत्रा कुठे आहे? त्याला तू डिवचलं होतंस का? जखम किती वेळ धुतलीस? शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, "धुतली की, मिनिटभर." त्यावर ती म्हणाली, "फोन स्पीकरवर ठेव, घड्याळ समोर ठेव आणि साबण घे. पंधरा मिनिटं. मी फोनवरच थांबते."

पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे त्या दिवशी कळलं. जखमेला साबण झोंबतो, फेस आधी गुलाबी होतो, मग पांढरा, आणि घड्याळात चारच मिनिटं झालेली असतात. ती पलीकडून बोलत राहिली. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं वेष्टन असतं, साबणाने ते विरघळतं आणि वेष्टन गेलं की विषाणू निकामी होतो. मज्जातंतूत शिरण्याआधी जखमेत जेवढा विषाणू मरेल किंवा वाहून जाईल, तेवढी पुढची लढाई सोपी. उशीर झाला असला तरी धुवायचंच. वर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं. टाके शक्यतो घालायचे नाहीत आणि जखमेत चुरचुरणारं काहीही भरायचं नाही. दहा दिवस लक्ष ठेवण्याबद्दल विचारलं तेव्हा तिचा आवाज चढला. "ते उपचार सुरू करून करायचं असतं गं! कुत्रा दहा दिवसांनी धडधाकट असेल तर उरलेले डोस थांबवता येतात. तुझा कुत्रा तर पसार झालाय."

बारा वाजता दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात पोचले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी हात पाहिला आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कॅटेगरी थ्री'. धड असलेल्या कातडीला जनावराने नुसतं चाटलं तर ती पहिली श्रेणी, त्याला काही लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला तर दुसरी, त्याला लस. कातडी फाटून रक्त आलं, किंवा उघड्या जखमेला वा डोळ्या-तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेला लाळ लागली, तर तिसरी. तिसरीत लशीबरोबर सीरमही हवंच.

लस आधी दिली. दोन्ही दंडांवर, कातडीच्या आतल्या थरात, एका ठिकाणी एक दशांश मिलिलिटर. सुई जवळजवळ आडवी धरावी लागते. बरोबर जागी गेली की तिथे पांढुरका फुगवटा उठतो, मसुराच्या दाण्याएवढा. सिस्टरने तो मला दाखवला. "हा उठला ना ताई, म्हणजे औषध जागेवर गेलं. उठला नाही तर परत द्यावं लागतं." शत्रूला ओळखून प्रतिकारशक्तीला खबर देणाऱ्या पेशी त्वचेत भरपूर असतात, म्हणून स्नायूत देण्याच्या डोसचा छोटासा हिस्साही इथे पुरतो. थायलंडमध्ये रेडक्रॉसच्या संस्थेने रुळवलेल्या या पद्धतीमुळे लशीच्या एकाच कुपीत कितीतरी जास्त माणसांचं काम भागतं.

दंडातलं दुखणं काहीच नव्हतं. खरी परीक्षा सीरमची. "लस दिली ना, मग हे कशाला?" मी विचारलं. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि नीट समजावून सांगितलं. लस ही शिकवण आहे. शरीर ती शिकून स्वतःची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बनवायला लागेपर्यंत सात ते चौदा दिवस जातात. विषाणू तोवर बसून राहणार नाही. म्हणून दुसऱ्या कुणाच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं आजच, थेट जखमेत भरायची. ती दंडात किंवा कमरेत देऊन उपयोग नाही, जिथे विषाणू आहे तिथेच ती हवीत. हे सीरम लशीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंतच देतात, कारण नंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं आलेली असतात.

माझं वजन 52 किलो. घोड्याच्या रक्तातून काढलेलं सीरम किलोमागे 40 युनिट, म्हणजे 2080 युनिट. माणसाच्या रक्तातलं असतं तर किलोमागे 20 पुरले असते. सात मिलिलिटरला थोडं कमी असं ते औषध बोटाएवढ्या जागेत मावणार कसं, हे मला कळेना. जखमेच्या एका कडेने सुई आत जाते, थोडं औषध सुटतं, सुई थोडी मागे येते, पुन्हा थोडं. मग दुसरी कड. करंगळीची कातडी ताणून चकचकीत झाली आणि तिचा रंग उडून ती मेणासारखी पांढरी दिसायला लागली. डॉक्टर दर वेळी थांबून नख दाबत होते, रंग परत येतोय का ते पाहत होते. बोटात जास्त भरलं तर रक्तप्रवाह अडतो, म्हणून तिथे जेवढं सुरक्षितपणे मावेल तेवढंच. उरलेलं तळहाताच्या कडेला आणि मनगटाच्या ओरखड्याभोवती. मी दात आवळून भिंतीकडे पाहत होते. सिस्टरने माझा दुसरा हात घट्ट धरला होता. औषधाची ॲलर्जी येते का हे पाहायला मग तासभर तिथेच बसवून ठेवलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. लुई पाश्चर दर वर्षी शिकवते आणि 6 जुलै 1885 ही तारीख फळ्यावर लिहिते. त्या रात्री ठणकणारा हात उशीवर ठेवून पडले असताना ती तारीख पहिल्यांदा मला समजली. अल्सासमधल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला 4 जुलैला कुत्रा चावला. आई त्याला घेऊन पॅरिसला पाश्चर यांच्याकडे आली तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते. पाश्चर वैद्य नव्हते, त्यामुळे सुई डॉक्टर ग्रांशे यांनी टोचली. सशाचा रोगट मज्जारज्जू कोरड्या हवेत सुकवत ठेवला की दिवसागणिक त्याची मारक शक्ती कमी होत जाते. सर्वांत जास्त सुकलेल्यापासून सुरुवात करून ताज्याकडे जात मुलाला दहा दिवसांत तेरा टोचण्या दिल्या. मुलगा वाचला.

बहुतेक लशी रोगाची गाठ पडण्याआधी घ्यायच्या असतात. ही मात्र चावल्यानंतर घेतली तरी जीव वाचतो, आणि त्याचं कारण विषाणूची चाल. तो रक्तातून धावत नाही. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, जेमतेम पाच प्रथिनांचा हा विषाणू स्नायूजवळच्या मज्जातंतूच्या टोकाला चिकटतो आणि त्या तंतूच्या स्वतःच्याच वाहतूक यंत्रणेवर स्वार होऊन मेंदूकडे सरकत राहतो. बहुधा दोन-तीन महिने लागतात. क्वचित आठवडा, क्वचित वर्षसुद्धा. हात आणि चेहरा इथे मज्जातंतूंचं जाळं दाट, आणि चेहऱ्यापासून मेंदू तर अगदी जवळ, म्हणून तिथले दंश जास्त घातक. एवढा अवधी इतका जीवघेणा दुसरा कुठला रोग देत असेल असं मला वाटत नाही. तो अवधी कुणी आपल्याला 'लहान जखम आहे' म्हणून वाया घालवायला लावला, तर त्याला काय म्हणावं?

सीरमचं मोल सिद्ध झालं ते 1954 साली इराणमध्ये. एका पिसाळलेल्या लांडग्याने एकाच रात्रीत 29 जणांना फाडलं. डोक्याला जखमा झालेल्यांपैकी पाच जणांना नुसती लस मिळाली, त्यातले तीन दगावले. तेरा जणांना लशीबरोबर सीरम मिळालं, त्यातला एकच गेला. हे वाचल्यावर बोटाच्या ठणक्याबद्दल मी पुन्हा तक्रार केली नाही.

तिसऱ्या दिवशी दोन्ही दंडांवर पुन्हा दोन टोचण्या. सातव्या दिवशी पुन्हा दोन. मधल्या दिवसांत काका भेटायला आले. लहानपणी त्यांना पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. शर्ट वर करून त्यांनी बेंबीभोवती हात फिरवून दाखवला. "रोज एक. पोट दगडासारखं व्हायचं. पळून गेलो तर आई ओढत न्यायची." ती डेव्हिड सेंपल यांनी 1911 च्या सुमारास कसौलीत तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनणारी लस. तिने असंख्य जीव वाचवले, पण त्यातल्या मेंदूच्या अंशामुळे काहींना लकवा व्हायचा. भारतात ती 2004 च्या अखेरीपर्यंत बनत होती. आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर लस बनते, पोटात टोचायची गरजच उरलेली नाही. तरी ते चौदा इंजेक्शनांचं भय अजून लोकांच्या मनात घर करून आहे आणि त्या भयापोटी माणसं चावल्याचं लपवतात. मुलं तर हमखास लपवतात. जगात दर वर्षी सुमारे 59,000 माणसं या रोगाने जातात असा अंदाज आहे आणि त्यात पंधरा वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे.

नवव्या रात्री करंगळीत मुंग्या आल्या.

चावल्या जागी मुंग्या येणं, खाज सुटणं, जळजळ होणं हे रोगाचं पहिलं लक्षण असू शकतं, हे मी तोवर वाचून बसले होते. पुढचंही वाचलं होतं. ताप, बेचैनी, मग पाणी समोर आलं की घशाच्या स्नायूंना येणारे झटके. सुश्रुतसंहितेत त्याला जलत्रास म्हटलं आहे आणि पिसाळलेल्या जनावराच्या दंशानंतर पाण्याची अशी भीती दिसली तर रोगी हाताबाहेर गेला, असं त्यात नोंदवलं आहे. इतक्या शतकांनंतरही लक्षणं सुरू झाल्यावर वाचलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, पेलाभर पाणी भरलं आणि उभ्या उभ्या प्यायले. मग आणखी एक. नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याने काही विचारलं नाही, तिसरा पेला स्वतः भरून दिला.

सकाळी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी बोट तपासलं, टाचणीने टोचून पाहिलं. दाताने खोलवर चिरलेला छोटा मज्जातंतू भरून येताना असं होतं, शिवाय त्या जागी एवढं औषध भरलेलं. "तुम्ही सगळं वेळेत घेतलं आहे," ते म्हणाले. वेळेत हा शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. पाच-सहा तास तर वाया गेलेच होते. मैत्रिणीचा फोन आला नसता तर किती गेले असते याचा हिशेब करवत नाही. पहिल्या दवाखान्यात मी नंतर जाऊन बोलले. भांडले नाही. श्रेणींचा तक्ता छापून घेऊन गेले आणि त्यांनी तो भिंतीवर लावला.

2018 पासून जागतिक आरोग्य संघटनेने, पहिल्या टोचणीचा दिवस शून्य धरून, 0, 3 आणि 7 अशा तीनच फेऱ्यांचं वेळापत्रकही मान्य केलं आहे. माझ्या कार्डावर मात्र चौथी तारीखही होती, 28 व्या दिवसाची. ती संपली तेव्हा सिस्टरने कार्ड हातात देऊन बजावलं, "हे जपून ठेवा. पुन्हा कधी चावलं तर दोनच फेऱ्या, 0 आणि 3, सीरम लागणार नाही."

त्या आठवड्यात मैत्रिणीने मला कुत्र्यांच्या लसीकरणाला नेलं. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्के कुत्र्यांकडून येतो, तेव्हा माणसांना टोचत राहून तो संपणार नाही. वस्तीतल्या सत्तर टक्के कुत्र्यांना दर वर्षी लस मिळत राहिली तर विषाणूची साखळी तुटते. मेक्सिकोने अनेक वर्षं नेटाने हेच केलं आणि कुत्र्यांपासून होणारे मानवी मृत्यू थांबवल्याची मान्यता 2019 मध्ये जगात सर्वांत आधी मिळवली. नुसतं कुत्र्यांना मारून हे साधत नाही. मारलेल्यांची जागा नवे, लस न घेतलेले घेतात.

जाळी घेतलेली दोन मुलं पुढे, मैत्रीण सुई भरून मागे, आणि टोचलेल्या कुत्र्याच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढून कागदावर रेघ मारायचं काम माझ्याकडे. पहिल्या कुत्र्याजवळ जाताना डावा हात आपोआप पाठीमागे गेला. सहावा-सातवा आल्यावर तो पुढे आला. दुपारपर्यंत कागदावर 43 रेघा झाल्या. वळणापलीकडे दोन तांबडे कुत्रे अजून हुलकावणी देत होते, आणि मुलं जाळी सारखी करून पुन्हा तिकडे निघाली होती.