पित्तखडे टाळण्याच्या कॅप्सूल आणि एक अपुरे लेबल : माझा अनुभव

पित्तखडे होऊ नयेत म्हणून वनौषधींच्या कॅप्सूल घ्याव्यात की नाहीत, एवढ्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला मला जवळजवळ दोन महिने लागले आणि त्यातला बहुतेक वेळ बाटलीवरच्या एका लेबलापायी गेला. आई आणि मोठी बहीण, दोघींचेही पित्ताशय खड्यांमुळे काढावे लागले आहे. त्याच सुमारास मी वजन कमी करू लागले होते, आणि वजन झपाट्याने उतरले की खड्यांचा धोका वाढतो हे मला ठाऊक होते.

बाटलीवर हळद, मिल्क थिसल, आर्टिचोकची पाने आणि डँडेलियनचे मूळ अशी नावे होती; पुढे ‘विशेष मिश्रण ५०० मिलिग्रॅम’ एवढेच. कशाचे प्रमाण किती, हे कुठेही नव्हते. मी कंपनीला लिहून विचारले की हळदीचा अर्क किती आहे आणि त्यात मिरीचा अर्क मिसळला आहे का. आठ दिवसांनी उत्तर आले की उत्पादन नैसर्गिक असल्यामुळे सुरक्षित आहे. पुन्हा विचारले, तर तेच वाक्य पुन्हा आले. तिसऱ्या पत्राला ‘प्रमाण हे व्यावसायिक गुपित आहे’ असे कळवण्यात आले. त्याचा राग अजूनही गेलेला नाही, कारण मी गुपित विचारत नव्हते. मी पोटात काय घेणार आहे, ते विचारत होते. हळदीतल्या करक्युमिन या घटकामुळे पित्ताशय आकुंचन पावते. पित्त साचू नये म्हणून हाच गुण सांगितला जातो. परंतु आत आधीच खडा असेल, तर त्याच आकुंचनाने तो नलिकेच्या तोंडाशी अडकून तीव्र कळ येऊ शकते. मिरीतल्या पायपरिनमुळे करक्युमिन अधिक शोषले जाते आणि अशा तीव्र कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातल्या हळदीची गोष्ट निराळी.

अखेर डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “आत्ता खडे नाहीत, हे पाहिले आहे का?” मी पाहिले नव्हते. सोनोग्राफीत खडे दिसले नाहीत. (तपासणीला ६ ते ८ तास उपाशीपोटी जावे लागते, म्हणजे पित्ताशय भरलेले राहते, मी सकाळी चहा घेऊन गेले आणि परत यावे लागले.) या वनौषधींनी माणसांत खडे टळतात असे ठामपणे सिद्ध झालेले नाही, वेगाने वजन उतरत असताना उपयोगी ठरलेले औषध म्हणजे अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे. माझे वजन आठवड्याला अर्धा किलोच उतरत होते, त्यामुळे मला त्याची गरज नव्हती.

माझी खरी चूक वेगळीच निघाली. मी सकाळचे खाणे सोडले होते आणि तेल-तूप पूर्ण बंद केले होते. जेवणात थोडी तरी स्निग्धता असल्याशिवाय पित्ताशय नीट रिकामे होत नाही आणि साचलेल्या पित्तातच खडे धरतात. हे कळल्यावर मला फार हायसे वाटले, कारण हे माझ्या हातात होते.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पडतात असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नये. शौचातून पडणाऱ्या त्या मऊ हिरव्या गोळ्या आतड्यात तेलापासूनच तयार झालेल्या असतात. कोणतीही कॅप्सूल चालू असेल तर डॉक्टरांना नावानिशी सांगावे, आणि बाटलीही सोबत न्यावी. मी नेली होती, म्हणूनच ते लेबल पाहून डॉक्टरांनीही मान हलवली आणि मी ती बाटली न उघडताच परत केली.