जाकार्ताचं सोनं आणि आपली माती

रविवार, रात्री

आज दिवसभर १९६२ ची जाकार्ताची एशियाड डोक्यात घोळतेय. भारताला तिथं कुस्तीत तीन सुवर्णपदकं मिळाली. एक ५२ किलो गटातल्या मालवा या पैलवानाचं, बाकीची दोन आपल्या सांगली जिल्ह्यातली. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी ९७ किलो फ्रीस्टाइलचं, म्हणजे पायांचे डाव चालणाऱ्या कुस्तीचं सुवर्ण घेतलं आणि ग्रीको-रोमन या दुसऱ्या प्रकाराचं रौप्य. पुनवतच्या गणपतराव आंदळकरांचं नेमकं उलट, सर्वांत वरच्या वजनात फ्रीस्टाइलचं रौप्य आणि ग्रीको-रोमनचं सुवर्ण.

आंदळकरांच्या त्या सुवर्णापाशी मी दरवेळी अडतो. मातीतल्या पैलवानाचं निम्मं भांडवल पायांत. पट काढायचा, टांग मारायची, एकलंगी भरायची, असल्या पायांच्या डावांवरच तर तो वाढतो. ग्रीको-रोमनमध्ये हे सगळं बंद! कमरेखाली धरायचं नाही, पायाचा डाव लावायचा नाही. उरतात हात, छाती, पाठ आणि मान. त्यात मातीवर पाठ लागेपर्यंत झुंजायची सवय, आणि मॅटवर घड्याळ आणि गुण. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत, तेल-ताक-हळद मुरलेल्या मातीत घडलेल्या गड्यानं हे सोनं आणलं. केवढी ताकद असेल त्या मिठीत, आणि डोकं किती शांत!

आपण मात्र माने-आंदळकरांची ओळख सांगताना हिंद केसरीच्या किताबावर आणि त्याच्या गदेवर थांबतो. आंदळकर १९६० चे, माने १९६४ चे. त्या गदेचा मान मोठाच आहे, पण माझ्या लेखी जाकार्ता तिच्याहून वर. गदा आपल्या मातीत, आपल्या डावांवर मिळते. तिथं दुसऱ्यांच्या नियमांत उतरून जिंकायचं होतं.

संध्याकाळी तालमीत गेलो तर मॅटवर एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा ग्रीकोचा सराव करत होता. जोडीदाराच्या काखेखालून हात घातलेले, कपाळ त्याच्या खांद्यावर रोवलेलं, कान लालबुंद. मध्येच सवयीनं हात मांडीकडे गेला, तसे वस्ताद कडाडले, "कमरंखाली न्हाई!" पोरानं हात झटकन वर घेतला आणि पुन्हा रेटायला लागला. त्याची पकड बघून मला फार बरं वाटलं.

वस्ताद म्हणाले, पोरगं चांगलं आहे, पण घरच्यांना ते जत्रेच्या मैदानात हवंय. तेही खरंच. मैदान मारलं की इनाम हातात पडतं, दूध-बदामाचा खर्च निघतो. ग्रीकोला आपल्याकडे मैदानही नाही आणि इनामही नाही. अशानं पोरं तिकडं वळणार कशी?

वस्तादांना सांगून आलोय, या पोराच्या वर्षभराच्या खुराकाचं मी बघतो. उद्या त्याच्या वडिलांना भेटायला जायचंय. जाताना जाकार्ताची सगळी हकीकत त्यांना सांगणार आहे.