व्हिडिओ आधी आजीला दाखवा

सोयाबीनची सोंगणी आटोपून कापसाची वेचणी लागली की हा प्रश्न हमखास येतो. माय सकाळी डबा बांधून वावरात जाते, लेकरू आजीजवळ राहतं, आणि आजीच्या हाताशी मोबाईल असतो. मग अंगणवाडीत वजनाच्या दिवशी कोणीतरी विचारतंच, "पोरगं दीड वर्षाचं झालं जी, मोबाईलवर समदं पायते, पण बोलत काहून नाही? शब्द यायसाठी कोणते व्हिडिओ लावू?"

तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते. दोन वर्षांखालच्या लेकराला शब्द शिकवणारा व्हिडिओ नाही. नाव काहीही असो, रंग कितीही असोत, खाली किती लाख लोकांनी पाहिलाय तो आकडा काहीही असो. दोन वर्षांनंतर थोडाफार उपयोग होतो, तोही शेजारी मोठं माणूस बसलं तरच. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली हेच सांगितलं: एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको, दोन वर्षांपर्यंतही नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा, सल्लाही असाच आहे. दोन वर्षांखाली नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालतो.

"पण ते तर एकटक पाहते न जी!" पाहणारच. दर दोन-तीन सेकंदांनी चित्र बदलतं, टुंग वाजतं, लाल-पिवळं काहीतरी उडी मारतं. एकटक पाहणं वेगळं, शब्द शिकणं वेगळं. अमेरिकेत संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांशी चिनी मँडरिन बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं वाचली, 25-25 मिनिटांच्या 12 बैठका. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं. समोरच्या माणसाकडून ऐकणारी बाळं मँडरिनमधले बारीक ध्वनिभेद ओळखू लागली. व्हिडिओवाली मात्र ती भाषा कधी न ऐकलेल्या बाळांसारखीच राहिली. 2010 साली मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश आणि सहकाऱ्यांनी 12 ते 18 महिन्यांच्या बाळांवर थेट शब्दांचाच प्रयोग केला. घरात चार आठवडे शब्द शिकवणारी डीव्हीडी लावली. एका गटाला डीव्हीडी न देता आईबापांना नुसती शब्दांची यादी दिली आणि जमेल तसे हे शब्द शिकवा म्हटलं. सर्वांत जास्त शब्द यादीवाल्या घरांतल्या बाळांना आले. डीव्हीडी पाहणारी बाळं काहीच न दिलेल्या बाळांच्या पुढे गेली नाहीत. आणि ज्या आईबापांना डीव्हीडी आवडली होती, त्यांना आपलं बाळ खूप शिकलं असं वाटत होतं. यातच सगळी गोम आहे.

व्हिडिओचा घोळ असा, की तो थांबत नाही आणि लेकरू कुठे पाहतंय हे त्याला कळत नाही. लेकरू "गाय" शब्द शिकतं, कारण ते गाईकडे पाहत असताना कोणीतरी त्याच क्षणी "गाय" म्हणतं, मग गप्प राहून त्याच्या तोंडाकडे पाहतं, आणि त्याने "आय" एवढं जरी केलं तरी "हो, गाय! आपली गाय!" असं परत बोलतं. पडद्यावरची ताई प्रश्न विचारते, दोन सेकंद थांबते आणि बाळ गप्प असलं तरी "शाब्बास!" म्हणते. गाईकडे न पाहता कोपऱ्यातल्या फुलपाखराकडे पाहत असलं, तरीही शाब्बास. दीड वर्षाच्या लेकराला उत्तर जुळवायला पाच ते दहा सेकंद लागू शकतात. एवढा वेळ व्हिडिओ सहसा देत नाही, कारण एवढ्यात बघणारा पुढच्या व्हिडिओवर निघून जातो.

दुसरी अडचण सपाट चित्राची. मोबाईलमध्ये गाय अंगठ्याएवढी, शेळी तेवढीच, टमाटरही तेवढंच. वर ती गाय निळी आणि दोन पायांवर नाचणारी. दोन वर्षांखालच्या लेकराला पडद्यावरची वस्तू आणि समोरची वस्तू एकच आहे हे जोडणं फार अवघड जातं. म्हणून ते मोबाईलवर गाय दिसली की बोट दाखवतं आणि गोठ्यातल्या गाईसमोर उभं केलं तर चाचरतं.

आता घरोघरी होणारा गैरसमज. "आमचं पोरगं वन ते टेन म्हणते, एबीसीडी म्हणते." ते पाठांतर आहे, चालीत म्हटलेलं. ते खरंच शब्द आहेत का, हे तपासायला मोबाईल बंद करा आणि लेकरासमोर वाटी, चमचा, चेंडू ठेवा. वस्तूकडे न पाहता, बोट न दाखवता म्हणा, "चमचा दे." दिला तर शब्द समजला. दुसऱ्या दिवशी वस्तूंच्या जागा बदलून पुन्हा विचारा. तहान लागल्यावर लेकरू स्वतः "पाणी" किंवा "मम्" म्हणतं का, हे त्याहून महत्त्वाचं. वन ते टेन म्हणणारं आणि पाण्यासाठी नुसतं रडणारं लेकरू बोलण्यात मागे आहे, पुढे नाही.

मग व्हिडिओ कशाला? माझ्या मते तो सांभाळणाऱ्याच्या कामाचा आहे. बडबडगीत विसरलेली आजी, लेकराशी काय बोलावं हे न सुचणारा बाप, पहिल्यांदाच भाचा सांभाळणारी सोळा वर्षांची मावशी, यांनी लेकरू झोपल्यावर दहा मिनिटं व्हिडिओ पाहावा, त्यातलं एक गाणं, एक खेळ उचलावा आणि दुसऱ्या दिवशी मोबाईल खुंटीला ठेवून लेकराशी तो खेळावा. केंद्र सरकारने 2024 साली तीन वर्षांखालच्या बालकांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला आहे. त्यात वयानुसार घरी करायचे खेळ आहेत. अंगणवाडी सेविकेला त्याबद्दल विचारा. नाहीतर तीन वर्षांखालची लेकरं अंगणवाडीत वजनाला आणि टीएचआरच्या, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराच्या, पाकिटापुरतीच येतात, आणि बोलण्याचा विषय राहून जातो.

लेकरू दोन वर्षांचं झालं असेल आणि व्हिडिओ दाखवायचाच असेल, तर तो असा दाखवा. आदल्या दिवशी एकट्याने पूर्ण पाहा. खरी वस्तू, एका वेळी एकच, मागे संगीताचा गोंगाट नाही, बोलणाऱ्याचा चेहरा आणि ओठ स्पष्ट दिसतात, भाषा घरची किंवा घराला जवळची, असा निवडा. ओठांचं महत्त्व आहे: सहा-आठ महिन्यांपासून बाळं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहतात, आणि कार्टूनचं तोंड नुसतंच उघडमीट होतं. व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा आणि दाखवताना डेटा बंद करा, म्हणजे एकामागून दुसरा आपोआप सुरू होणार नाही. फ्लाइट मोड मात्र नको, वावरातून मायचा फोन येऊ शकतो. त्यातले तीनच शब्द निवडा. समजा कांदा, वांगं, टमाटर. तिन्ही टोपल्यात घालून मांडीजवळ ठेवा.

लेकराला मांडीवर घ्या, मोबाईल तुमच्याच हातात राहू द्या. कांदा आला की व्हिडिओ थांबवा. पडद्यावर बोट ठेवून "कांदा" म्हणा आणि गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार लांब वाटतात, मोठ्यांना तेच जमत नाही, मध्येच "बोल न, बोल न" सुरू होतं. लेकराने काही केलं, न केलं, तरी खरा कांदा हातात द्या. सोलू द्या, हुंगू द्या, फेकला तर "कांदा पडला!" म्हणा. मग वांगं. तीन शब्द झाले की मोबाईल बंद. सगळं मिळून पाच ते सात मिनिटं. दिवसभरात तो शब्द निदान चार-पाच ठिकाणी यायला हवा: चुलीजवळ कांदा, बाजाराच्या थैलीत कांदा, भाकरीसोबत कांदा. हा दुसरा भाग सुटला तर पहिल्याचा उपयोग नाही, आणि सुटतो तो नेमका हाच.

काय बिघडतं तेही सांगते. सर्वांत जास्त बिघडतं ते जेवताना. घास जावा म्हणून मोबाईल लावतात आणि दिवसातला शब्दांचा सर्वांत मोठा साठा तिथेच वाया जातो. वरण-भाताच्या एका वाटीत काय काय आहे पाहा: वाटी, वरण, भात, गरम, "फू कर", तोंड, "आ कर", अजून, सांडलं, पूस, संपलं. वस्तूंची नावं आहेत, क्रिया आहेत, "अजून" आणि "संपलं" यांसारखे पुढे वाक्य जोडायला लागणारे शब्द आहेत, आणि तेच शब्द रोज दोन-तीनदा त्याच क्रमाने येतात. लेकराला भूक असते, म्हणून लक्षही असतं. "अजून?" विचारून घास अर्ध्यात थांबवा आणि वाट पाहा. मान हलवली, "अं" केलं, हात पुढे केला, तर ते उत्तर धरा आणि "अजून! अजून भात!" म्हणत घास द्या. आठवडाभर हे करा, खर्च शून्य.

दुसरं बिघडतं ते घरात दिवसभर चालू असलेल्या टीव्हीने. लेकरू पाहत नसलं तरी. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ दिमित्री क्रिस्टाकिस यांच्या 2009 सालच्या अभ्यासात टीव्हीच्या आवाजाच्या दर तासामागे लेकराच्या कानी पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे 770 ने कमी झालेले आढळले. आजीची मालिका बंद करा असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण ती संपल्यावर टीव्ही बंद करता येतो.

बाप पुण्याला किंवा सुरतला कामाला असेल तर व्हिडिओ कॉल जरूर करा. तो वेगळा, कारण पलीकडचं माणूस पाहतं, थांबतं, उत्तर देतं. 2014 साली 24 ते 30 महिन्यांच्या मुलांवर झालेल्या प्रयोगात मुलं समोरच्या माणसाकडून आणि व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून नाही. फक्त मोबाईल लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि रेंज असेल तिथे बसा. आवाज मागे आणि तोंड पुढे असं होऊ लागलं की त्याचा फायदा गेलाच समजा.

भाषेबद्दल थोडं. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी, यवतमाळात तांड्यावर गोरमाटी (बंजारा), विदर्भात बाकी ठिकाणी वऱ्हाडी नाहीतर झाडीबोली. "शाळेत अडचण नको" म्हणून हिंदी-इंग्रजी व्हिडिओ लावतात. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, लाड करता येतात, गोष्ट सांगता येते, तीच भाषा बोला. दोन भाषा ऐकणारं लेकरू त्यामुळे मुकं राहत नाही. मोजताना मात्र दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजा.

आणि मोबाईलच्या नावाने खडे फोडण्याआधी कान तपासा. वारंवार सर्दी, कान वाहणं, मागून हाक मारली तर न वळणं, ही कानाची लक्षणं असू शकतात. वर्षाचं होऊनही बडबड नाही, बोट दाखवणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी "पाणी दे", "बाबा गेला" असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर "बाप पण उशिराच बोलला" म्हणून थांबू नका. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात, तेव्हाच सांगा; त्यानंतर लक्षात आलं तर अंगणवाडीत सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवतं.

पथकाकडे जाताना नुसतं "बोलत नाही" एवढंच सांगू नका. आधीच्या आठवड्यात लेकरू जे जे म्हणतं ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, उच्चार बोबडा असला तरी चालेल, "हम्मा", "भू", "काऊ" हेही शब्दच. कोणता शब्द समजतो पण म्हणत नाही, तेही वेगळं लिहा. मोबाईल दिवसाला किती वेळ, हे खरं सांगा. त्यावरून कोणी रागवावं म्हणून नाही, तर तो बंद केल्यावर महिना-दीड महिन्यात यादी किती वाढली हे पुढच्या भेटीत ताडून पाहता येतं.